बाल्कनीत उणे अकरा

फाहिरा-तेता, म्हणजे सगळ्यांची फाहिरामावशी, तापलेल्या इस्त्रीकडे कधी पाठ करत नाही. स्वयंपाकघरात कुठंही असली तरी एक डोळा तिच्यावर.

इस्त्री पुरेशी तापली का, हे ती आकड्यावर बघत नाही. ओलं बोट जवळ नेते आणि कान देते.

स्नोबोर्डाच्या भागांना तिची स्वतःची नावं आहेत. पुढचं टोक म्हणजे कॉलर. मधला भाग म्हणजे पाठ. मागचं टोक म्हणजे शेपूट. दोन्ही बाजूंच्या लोखंडी कडांना ती कफ म्हणते. कानस फिरवून झाली की "उजवा कफ झाला" असं पुटपुटते आणि डाव्याकडे वळते.

बोर्ड बर्फावर पळावा म्हणून तळाला इस्त्रीनं मेण लावतात; ते लावल्यावर ती बोर्डाला हाताची मागची बाजू लावून बघते, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी.

बुटांना जो नियम, तोच बोर्डांना. दाराबाहेर झटकायचं, पुसायचं, मगच आत.

ओरखडा दिसला तर ती मालकाला काही बोलत नाही. बोर्डालाच विचारते, "कुठं गेला होतास रे अंग घासायला?" मालक मान खाली घालतो.

कॉफी ती गार पिते. मेण निवेपर्यंत आपणही थांबायचं, असं तिचं म्हणणं. खाली राहणाऱ्या वेदादच्या मते ती कॉफी विसरते.

आणि खिडकीला हात लावण्याआधी सासूच्या खोलीचं दार लागलेलं आहे ना, ते बघून घेते.

वेदादनं हे दोन हिवाळे पाहिलं. तो त्याच इमारतीत राहतो, शहरातल्या ओतोका भागात, ट्रामथांब्यामागे. ती चौथ्या मजल्यावर, तो दुसऱ्या. त्यानं साहित्याची पदवी घेतली. आईनं ती चौकटीत घालून भिंतीवर लावली. मग तो ब्येलाश्नित्सा डोंगरावर शाळेतल्या पोरांना स्नोबोर्ड शिकवायला लागला. "चला, पोरं निदान पडल्यावर उठायला तरी शिकतील," आई म्हणाली. भिंतीवरची चौकट तिनं काढली नाही.

त्याची आणि तेताची खरी ओळख जिन्यात झाली. मेणाच्या वासाला कंटाळून आईनं त्याला घराबाहेर काढलं होतं. प्रवासात नेतात तसली लहानशी इस्त्री घेऊन तो जिन्याच्या वळणावर बोर्ड आडवा टाकून बसला होता. धूर पार पाचव्या मजल्यापर्यंत गेला होता. तेता बाजारातून येत होती. पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती.

"काय रे हे? टायर जाळतोयस?"

"मेण लावतोय, तेता. बोर्डाला."

"याला लावणं म्हणतात? अरे, सदरा असता तर एव्हाना आरपार रस्ता दिसला असता."

तिनं पिशवी पायरीवर ठेवली आणि त्याच्या हातातून इस्त्री काढून घेतली. विचारलं नाही. एकतीस वर्षं तिनं सदऱ्यांच्या कारखान्यात इस्त्री केली होती. बायका इस्त्रीच्या मेजावर बोलता बोलता म्हाताऱ्या होतात, तशी ती झाली होती.

"एक तर ही फार तापलीय. आणि दुसरं, तू मध्येच थांबतोस. विचार करतोस. इस्त्री हातात असताना विचार करायचा नसतो."

"मग काय करायचं?"

"पुढं जायचं."

तिनं इस्त्री कॉलरपासून शेपटीपर्यंत नेली. एका दमात, एका वेगात. मागे मेण ओल्या रस्त्यासारखं चमकत राहिलं. कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही. वेदाद बघतच राहिला.

"अजून आहेत?" तिनं विचारलं.

"काय?"

"हे. असले."

कारखाना बंद झाला त्या दिवशी प्रत्येकीनं तिथलं काहीतरी उचललं होतं. एकीनं खुर्ची नेली. एकीनं भिंतीवरचं घड्याळ नेलं, ते बंदच होतं. फाहिरा-तेतानं आपली इस्त्री आणली. जुनी, जड, वाफेची भोकं नसलेली. मेणाला नेमकी तशीच लागते, हे तेव्हा तिच्या गावीही नव्हतं. स्वयंपाकघरात दोन बुटक्या तिवया उलट्या ठेवून, त्यांच्या पायांना नवऱ्याचे जुने मोजे घालून तिनं बोर्ड ठेवायची जागा केली. नवरा, इस्मेत, ऑस्ट्रियाला मालाचा ट्रक नेतो. महिन्यातून दोनदा घरी येतो. त्यानंतर पहिल्यांदा आला तेव्हा तो मोजेच शोधत होता.

बाकीचं वेदादनं शिकवलं. उष्णतेनं तळाला खड्डे पडू नयेत म्हणून पाय अडकवायच्या पट्ट्यांचे स्क्रू आधी सैल करायचे. तळाला भोक पडलं असेल तर काळी प्लास्टिकची कांडी पेटवून त्यात थेंब सोडायचे. कडा कानशीनं धारदार करायच्या, पण दोन्ही टोकांपाशी दगड घासून मुद्दाम बोथट करायच्या, नाहीतर बोर्ड बर्फात रुततो. मेण निवलं की प्लास्टिकच्या पट्टीनं जवळजवळ सगळं खरवडून टाकायचं.

"सगळं?" तेता म्हणाली. "मग लावलं कशाला?"

"जेवढं आत मुरलं तेवढंच कामाचं, तेता."

"म्हणजे खळीसारखंच," ती म्हणाली आणि पट्टी घेऊन बसली.

पहिला हिवाळा त्यानं शिकवलं. दुसऱ्या हिवाळ्यात ती त्याला रागवायला लागली. तोवर बातमी शेजारच्या तीन इमारतींत गेली होती. शुक्रवारी तिच्या दाराबाहेर बोर्ड रांगेनं भिंतीला टेकून उभे असत, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. पोरं कॉफीची पुडी आणत. एकानं आपल्या आईनं केलेला बुरेक, खिमा भरलेली पापुद्र्यांची वळी, आणला. तो तेतानं परत पाठवला आणि सोबत स्वतःचा दिला, फरक कळावा म्हणून.

हे सगळं नेनाच्या डोळ्यांदेखत चालायचं. नेना म्हणजे हबिबा, तेताची सासू. वय शहाऐंशी. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की जो आरपार वारा येतो, त्यानं माणूस मरतो, यावर तिचा ठाम विश्वास. तो विश्वास शहरात सगळ्यांचाच आहे, पण नेनाकडे पुरावे आहेत.

"वेदाद, तुझे आजोबा कशानं गेले?"

"हृदयानं, नेना."

"आणि हृदयात वारा कुठून शिरला?"

साहित्याच्या चार वर्षांत हा प्रश्न वेदादला कुणी विचारला नव्हता. 

मेण तापवायचं तर वारा हवा. धूर छातीत जाऊ नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, असं मेणाच्या डब्यावरच लिहिलेलं असतं. तेता स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. आतल्या खोलीत नेना गजर झाल्यासारखी उठायची.

"फाहिरा! वारा!"

"एकच उघडलीय, आई."

"दाराखाली फट आहे. ती काय भिंत आहे?"

"धूर होतोय म्हणून उघडली."

"मग धूर करू नकोस!"

कुणीही हे हसण्यावारी नेलं असतं. तेतानं ते मनावर घेतलं. तिनं इस्त्री कमी केली. मग आणखी कमी केली. मेण जेमतेम पाघळेल, इतकीच. हात संथ केला. एका बोर्डाला दुप्पट वेळ लागायला लागला, पण धूर पार थांबला. खिडक्या बंद राहिल्या. पहिल्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, वेदादच्या लक्षात आलं की बाकीच्यांचे बोर्ड तीन दिवसांत कोरडे पडतात आणि तेताकडचे आठवडाभर पळतात. संथ उष्णतेनं मेण खोल मुरत होतं. त्यानं धावत जाऊन तिला हे सांगितलं.

"त्याचं श्रेय सासूबाईंना," ती म्हणाली.

"काय बोलतेय ती?" आतून आवाज आला.

"तुझं कौतुक करतेय, नेना."

"लबाडा. दार लावून घे."

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, ब्येलाश्नित्सावरच्या बोर्ड भाड्यानं देणाऱ्या दुकानातला कारागीर जर्मनीला निघून गेला. दुकानाचा मालक स्लावेन. दाढीवाला, धिप्पाड, दिवसभर कुणावर तरी ओरडणारा. ऐन हंगामात साठ बोर्ड आणि मेण लावायला कुणी नाही. वेदादनं तेताचं नाव सुचवलं.

"सदऱ्यांना इस्त्री करणारी बाई?" स्लावेन म्हणाला. "उद्या म्हणशील, तुमच्या गल्लीतला न्हावी लिफ्ट चालवतो."

"तिचा एक बोर्ड चालवून बघ."

स्लावेननं दाढी खाजवली. "पाच घेऊन जा. रविवारी सकाळी आण. एक मी स्वतः चालवणार. पळाला, तर हंगामभर काम तिचं. पण मेण कुठलं लावायचं ते तिनं ठरवायचं. तू सांगितलंस तर ती तुझी परीक्षा होईल."

वेदादनं पाचही बोर्ड चौथ्या मजल्यावर नेले आणि निरोप सांगितला. तेता खुर्चीवर बसली. ती दिवसा सहसा बसत नाही.

कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली होती. ती तीन ठिकाणी काम मागायला गेली होती. एका ठिकाणच्या मुलीनं तिचं जन्मसाल वाचलं आणि पुन्हा संगणकाकडे वळली. खुर्चीत कुणी नाहीच, अशी.

"वेदाद," ती म्हणाली, "कारखान्यात माझ्या हाताखाली किती लोक होते, माहीत आहे? एकही नाही. मी काही मोठी नव्हते. पण मेजाची किल्ली माझ्याकडे असायची. मी आजारी पडले तर लोकांना कळायचं." ती थांबली. "घरातसुद्धा कळतं म्हणा. चहा होत नाही."

ती हसली. वेदादही हसला, पण त्याला सगळं कळलं.

त्या दिवसांत शहरावर झाकण बसलं होतं. पंधरा दिवस झाले, धुकं हलायला तयार नव्हतं. चुलींचा, गाड्यांचा, चिमण्यांचा धूर त्यातच मुरत होता. भरदुपारी दिवे लावावे लागत. समोरची इमारत दिसत नव्हती, तिथल्या बाईचं खोकणं तेवढं ऐकू यायचं. तेताच्या बाल्कनीतला थर्मामीटर उणे अकरावर गोठला होता.

वेदादनं अट पाळली. शनिवारभर तो चौथ्या मजल्याकडे फिरकला नाही. दुपारी जिन्यातून हाक आली.

"वेदाद!"

"मी काही सांगणार नाही, तेता!"

"अरे, मी विचारतच नाहीये! खायचा सोडा आहे का घरात? सासूबाईंचं पोट बिघडलंय!"

एरवी मेणाचा रंग तोच सांगायचा. कधी म्हणायचा, हिरवं लाव. कधी म्हणायचा, ते मऊ पिवळं. नियम तिला पाठ होता: थंडी जास्त तर मेण कडक, थंडी कमी तर मेण मऊ. तो नियम त्यानंच शिकवला होता. तेतानं बाल्कनीत जाऊन आकडा बघितला. उणे अकरा. मग तिनं डोकं चालवलं. वर गेलं की थंडी वाढते, हे शाळेतलं पोरही सांगेल. वर ऊन आहे, असं लोक म्हणत होते, फोनवर फोटोही दाखवत होते. पण ते बर्फावरचं ऊन. त्याला कसली ऊब. म्हणजे वर उणे सतरा तरी असणार. तिनं डब्यातलं सगळ्यांत कडक, हिरवं मेण काढलं. पाचही बोर्डांना लावलं. खरवडलं, ब्रश मारला, जुन्या मोज्यानं पुसून काढलं. इतकं नेटकं काम तिनं त्याआधी केलं नव्हतं.

ती स्वतः वर कधीच गेली नव्हती. आधी कारखाना होता. मग युद्ध. मग डोंगरात युद्धात पुरलेले सुरुंग होते. सुरुंग निघाले तोवर वर न जाण्याची सवय लागून गेली होती.

रविवारी वेदादनं बोर्ड गाडीत भरले. "चल ना वर," तो म्हणाला.

"मी येऊन काय करू? बर्फाला नमस्कार?" ती म्हणाली आणि जिन्यात उभी राहून गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकत राहिली.

रस्ता धुक्यातूनच चढत गेला. मग एका वळणावर, नेहमीच्याच वळणावर, धुकं खाली राहिलं आणि गाडी उन्हात बाहेर आली. वेदादनं गॉगल चढवला. हे तो दर आठवड्याला करायचा. गाडीतला आकडा बदलत गेला. उणे नऊ, उणे चार, शून्य. डोंगराच्या पायथ्याला वाहनतळावर तो अधिक सहा दाखवत होता. दुकानांच्या वळचणींतून पाणी गळत होतं. लोक जाकिटं कमरेला बांधून कॉफी पीत होते.

त्यानं पहिला बोर्ड बाहेर काढला, तळावर नख ओढलं आणि तिथंच उभा राहिला. तळ काचेसारखा कडक होता.

त्यानं फोन लावला.

"तेता, तू हिरवं लावलंस?"

"मग काय लावणार? बाहेर उणे अकरा आहे."

"तुझ्या बाल्कनीत उणे अकरा आहे. इथं अधिक सहा आहे."

 मागे नेना विचारत होती, कोण आहे, काय झालं.

"थंडी खाली साचते, तेता. धुकं असलं की वर उबदार असतं. सगळ्यांना... मला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं."

"सगळे वर जातात, वेदाद," ती म्हणाली. "मी नाही."

फोन बंद झाला. दोन हिवाळ्यांत त्यानं तिला इतकं सांगितलं होतं, आणि हे एक सांगायचं राहून गेलं होतं. थंडी कुठली मोजायची, ते.

स्लावेननं बोर्ड पायाला बांधला आणि तारेवरच्या लिफ्टच्या पाळण्यात बसून वर गेला. उतारावर ठीक होता. खालच्या सपाटीवर आला आणि ओल्या बर्फानं बोर्ड असा धरला, जशी मागून कुणी कॉलर पकडावी. स्लावेन पुढं गेला. बोर्ड मागे राहिला. दाढी बर्फानं भरली.

"काम उत्तम आहे," तो परत येऊन म्हणाला. "तक्रार नाही. पण लग्न भर उन्हाळ्यात आहे आणि बाईंनी मला लोकरीचा कोट चढवलाय."

"चूक माझी आहे. मी तिला सांगितलंच नाही."

"असेल. पण बोर्ड तिचा होता." स्लावेन दाढी पुसत होता. "बुधवारी एक मुलगा येतोय. बघू त्याला."

वेदाद दुकानाच्या पायरीवर बसला. घरी जाऊन काय सांगायचं, याची वाक्यं जुळवायला लागला. एकही जुळेना.

साडेदहाला शहराकडून बस आली. बोर्ड आणि स्की घेतलेली पोरं भराभर उतरली आणि मध्येच रांग थांबली. दारात फाहिरा-तेता उभी होती. शहरात घालायचा काळा कोट, हातात बाजाराची पिशवी. पिशवीतून इस्त्रीची वायर लोंबत होती. तिनं डोळ्यांवर हात धरला होता.

"अहो काकू, उतरा ना!" मागून पोरं ओरडली.

ती उतरली. दोन पावलं चालली आणि पुन्हा थांबली. समोर पांढरा डोंगर, वर निळं आभाळ. खाली, जिथं शहर असायला हवं, तिथं दुधावर साय धरावी तसं धुकं.

"हे इथं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"पंधरा दिवस?"

"हो, तेता."

"आणि आम्ही खाली दिवे लावून कांदे चिरतोय." ती खरोखर चिडली होती. मेणावर नाही. उन्हावर.

मग ती वाकली. मूठभर बर्फ उचलून दाबला. बोटांतून पाणी निघालं. तिनं बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"हे तर पिळायचं राहिलेलं कापड आहे," ती म्हणाली. "याला हात वेगळा लागतो. चल."

स्लावेन दारातच भेटला. "बाई, तुम्ही एवढ्या लांब आलात, पण आता..."

"बोर्ड तुम्हाला किती वाजता लागतात?"

"दुपारच्या तुकडीला. एक वाजता. पण मी म्हणतोय की..."

"पिवळं मेण कुठं ठेवता?" तिनं कोट काढून त्याच्याच हातात दिला. तो कोट धरून उभा राहिला. ठेवायचा कुठं, हे त्याला त्याच्याच दुकानात सुचेना.

मागच्या खोलीत लांब लाकडी मेज होतं. एका अंगाला दार सताड उघडं, समोर खिडकी सताड उघडी. तेतानं एकदा दाराकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. मग सरळ जाऊन खिडकी लावली.

"अहो, काय करताय! धूर कोंडेल!" स्लावेन म्हणाला. "मागच्या कारागिरानं इथं सगळं धुरांड्यासारखं करून ठेवलं होतं."

"धूर कशाला होईल?"

"मेण तापवल्यावर धूर होतो, बाई."

"जाळल्यावर होतो."

तिनं पिशवीतला एप्रन बांधला आणि हिरवं मेण खरवडून काढलं. तळ पुसला. इस्त्री लावली, ओलं बोट जवळ नेलं, ऐकलं. पिवळ्या मेणाचे थेंब दोन ओळींत पडत गेले आणि इस्त्री त्यांच्यावरून निघाली. संथ, न थांबता. स्लावेन दाराशी हाताची घडी घालून धुराची वाट बघत होता. पहिला बोर्ड झाला. दुसरा झाला. त्यानं नाक वर करून हुंगलं. मग जवळ आला.

"तापलीय ना नक्की?"

"बोट लावून बघा."

त्यानं बोट लावलं नाही.

"बाहेर बर्फात ठेवू का? लवकर निवतील."

"खबरदार हात लावलात तर!" तेता ओरडली. "घाईनं गार केलं की मेण तळाला सोडून देतं. आपसूक निवू द्या."

स्लावेनवर असं ओरडलेलं वेदादनं कधी ऐकलं नव्हतं. स्लावेननंही नसावं. तो गुपचूप स्टुलावर बसला.

मेण निवेपर्यंत तिनं घरी फोन केला.

"कुठं आहेस तू?" नेनाचा आवाज खोलीभर घुमला.

"ब्येलाश्नित्सावर."

"मान झाकलीस का?"

"इथं ऊन आहे, आई."

"ऊन असतं तिथं वारा असतो." मग नेनानं आवाज खाली आणला. "कसं आहे?"

"काय?"

"ऊन."

तेतानं बाहेर बघितलं. "गरम आहे, आई. तुम्हाला आवडलं असतं."

"मला कशाला आवडेल," नेना म्हणाली. फोन मात्र तिनं ठेवला नाही. 

अर्धा तास झाला. तेतानं पहिला बोर्ड खरवडला, ब्रश मारला, स्लावेनपुढे धरला. त्यानं तो काखेत मारला आणि निघाला. ती दारात उभी राहिली. दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळले होते. तो लिफ्टनं वर जाताना दिसला, मग दिसेनासा झाला. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

"पडला वाटतं," ती म्हणाली.

"नाही. तो बघ."

स्लावेन उतारावरून खाली आला, सपाटीवर आला आणि थांबला नाही. सपाटी ओलांडून, कॉफीच्या टेबलांमधून, थेट दुकानाच्या पायरीपर्यंत आला. आणि तिथं न थांबता वळून पुन्हा लिफ्टकडे गेला.

"हे काय?" तेतानं विचारलं.

"आवडलं त्याला," वेदाद म्हणाला. 

तेता आत गेली आणि कामाला लागली. स्लावेन दुसऱ्यांदा खाली आला तेव्हा त्याच्या पायातला सोडून आणखी तीन बोर्ड तयार होऊन भिंतीला उभे होते. पाचवा मेजावर होता. त्याच्या कॉलरपासून तिनं सुरुवात केली होती.

स्लावेननं दाढीवरून हात फिरवला. दाढी कोरडी होती.

"बस सकाळी सातला सुटते," तो म्हणाला. "ओतोकावरून सव्वासातला. उद्यापासून. रंगाचं काय ते सकाळी वर आल्यावर ठरवायचं, खाली नाही."

"कळलं."

"आणि ती खिडकी..." त्यानं खिडकीकडे बघितलं. "असू दे लावलेली."

तेतानं मान हलवली. पट्टी तिच्या हातातच होती. तिनं आणखी वीतभर मेण खरवडलं. पट्टीपुढे पिवळी सालं वळत गेली. मग तिचा हात थांबला. तिनं पट्टी बोर्डावरच ठेवली, एप्रन सोडला, पिशवी घेतली आणि कोट चढवला. बटणं लावली नाहीत.

"तेता, हा पाचवा?" वेदादनं विचारलं.

"उद्या."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "तो पाळणा वर जातो ना," तिनं स्लावेनला विचारलं, "त्याला तिकीट लागतं?"

"लोकांना लागतं," स्लावेन म्हणाला. "कामावरच्या माणसांना नाही."

ती गेली. दुकानाच्या काचेतून वेदादला दिसलं: शहरी बुटांनी बर्फात जपून टाकलेली पावलं, लिफ्टवाल्यानं दिलेला हात, पाळण्यात मांडीवर घेतलेली बाजाराची पिशवी. काळा कोट वर वर जात लहान होत गेला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. ती पुढं बघत होती, जिथं अजून वर होतं.

वेदाद किती वेळ तसाच उभा होता, त्याला कळलं नाही. मग तो मागच्या खोलीत आला. पाचवा बोर्ड मेजावर उताणा पडला होता. कॉलरपासून पाठीपर्यंत काळाभोर, चकचकीत. त्यापुढे शेपटीपर्यंत मेण तसंच, जाड आणि पिवळं. त्यानं पट्टी उचलली. थोडा वेळ हातात धरली. आणि जिथं होती तिथंच परत ठेवून दिली.